बाण कुठेही थांबला पाहिजे

“परत डबा!” म्हणत वायरमनने हातातला टेस्टर टेबलावर आपटला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध प्लायवूडची गोल फळी होती आणि फळीवर पत्र्याचा दीड वीत लांबीचा बाण. बटण दाबलं की बाण गरगर फिरायचा, सोडलं की मंदावत जायचा, आणि शेवटी पिठाच्या डब्याकडे तोंड करून उभा राहायचा. समोर बायको बसली होती. तिच्या हातात पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान होतं.

“डबा, चोवीस,” तिने लिहून घेतलं.

“चाळिसातले चोवीस?”

“एकेचाळिसातले. मघाशी तुम्ही बटण दाबून मोटरला शिव्या दिल्यात ना, ती फेरी मी धरली नव्हती. आता धरली.”

“धरायला कोणी सांगितली?”

“तुम्हीच म्हणालात, एकही फेरी सोडायची नाही म्हणून.”

वायरमनने कपाळाला हात लावला. ती म्हणाली ते खरंच होतं आणि म्हणूनच त्याचा जास्त संताप झाला.

हे झेंगट सोमवारी गळ्यात पडलं होतं. वायरमन गेली चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला होता. दिवे, पंखे, पंप, लिफ्ट, जनरेटर, वीज जिथे जिथे जाते तिथे त्याला जावं लागे. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. सोमवारी दुपारी तो जनरेटरच्या खोलीत तेल बघत असताना हेडक्लार्क आत आला. हा माणूस एरवी जनरेटरच्या खोलीत पाय ठेवत नसे, कारण तिथे बुटांना तेल लागतं.

“दादा, तुमचा निरोप समारंभ या वेळी जरा हटके करायचाय,” हेडक्लार्क म्हणाला. “भाषणं ऐकून लोक पेंगतात. आपण गेम ठेवू. टेबलावर मोटरवर फिरणारा बाण. सगळे भोवती बसतील. ज्याच्यासमोर बाण थांबेल त्याने चिठ्ठी काढायची आणि चिठ्ठीत असेल ते करायचं. चिठ्ठ्या मी लिहितो.”

“छान आहे की. बाण कोण बनवणार?”

हेडक्लार्क नुसता हसला.

“अहो, निरोप माझा आहे ना?”

“म्हणूनच तर! तुमच्या हातची वस्तू म्हणजे तुमची आठवण राहील. आणि खरं सांगू का, तुमच्याशिवाय आहे कोण इथे?”

चौतीस वर्षांत हे वाक्य वायरमनने इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातलं कौतुक कधीच उडून गेलं होतं आणि खाली फक्त काम उरलं होतं. तरी तो हो म्हणाला. नाही म्हणायची सवय लावून घ्यायला आता चारच दिवस उरले होते.

हॉस्पिटलच्या भंगारातली वस्तू घ्यायची नाही हे त्याने आधीच ठरवलं. मोटर त्याने स्वतःच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढली. चार सेल, एक ट्रान्झिस्टर, एक कंडेन्सर आणि दारावरच्या बेलचं बटण एवढंच सामान. बटण सोडल्यावर कंडेन्सरमध्ये साठलेली वीज हळूहळू उतरत जाते, त्यामुळे मोटर एकदम थांबत नाही, मंदावत जाते. मोटरवरून एक रबरी पट्टा बरणीच्या झाकणाला, झाकणाच्या मधोमध सायकलच्या चाकाचा आरा, आणि आऱ्याच्या टोकावर ट्यूबलाइटच्या पट्टीतून कापलेला बाण. शाळेतल्या पोरांनी करावं असं हे काम. एका संध्याकाळी उरकेल असं तो बायकोला म्हणाला होता.

त्यालाही आता दोन संध्याकाळी उलटल्या होत्या. कार्पेंटरने दिलेली गोल फळी गोल नव्हतीच, ती आधी घासावी लागली. पट्टा सैल होता म्हणून बदलला, तर दुसरा इतका घट्ट निघाला की मोटर कण्हायला लागली. मंगळवारी सगळं जमत आलं आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकल्याचा फोन आला. लिफ्टमध्ये जेवणाची गाडी होती आणि गाडीबरोबर एक आजोबा, जे सुटका झाल्यावर खाली उतरायलाच तयार नव्हते, कारण त्यांना वर जायचं होतं. आणि आज हा डबा.

“टेबल उतरतं असेल,” वायरमन म्हणाला. त्याने ताटलीत पाणी घालून टेबलावर ठेवलं, वाकून डोळा लावून पाहिलं आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. बाण डब्याकडेच थांबला. मग त्याने ठरवलं की बाणाचं टोक जड आहे. शेपटीला एक नट बांधला, तरी डबा. दुसरा नट बांधला. बाण एवढा हळू फिरायला लागला की बायकोने जांभई दिली.

“मी काय म्हणते, पिठाचा डबा मला हवाय,” ती म्हणाली. “पीठ मळायचंय.”

“डबा हलवायचा नाही! खुणेला ठेवलाय.”

“खूण म्हणून दुसरं काही ठेवा. मीठ ठेवा.” तिने डबा उचलला आणि जागा करायला फळी सरळ स्वतःकडे पाव चक्कर फिरवली.

“अगं! हात कशाला लावलास? आता सगळं पहिल्यापासून मोजावं लागेल!”

“मोजा,” असं म्हणत तिने जाता जाता बटण दाबून सोडलं. बाण फिरला, मंदावला आणि खिडकीकडे तोंड करून थांबला. तिने परत बटण दाबलं. परत खिडकी. तिसऱ्यांदाही खिडकीच आली.

ती डबा हातात धरून परत टेबलापाशी आली.

“म्हणजे टेबलाचा काही दोष नाही,” ती सावकाश म्हणाली. “फळी फिरवली की तुमची खोडही फिरते. खोड या यंत्रातच आहे.”

मघापासून वायरमन ताटलीत पाणी घालून टेबलाचे पाय मोजत होता आणि हिने पीठ मळायच्या घाईत दोष शोधून दिला होता. त्याने बाण काढला, आरा ओढून बाहेर घेतला आणि खिडकीच्या काचेवर ठेवून बोटाने लोळवला. आरा उड्या मारत गेला. वाकडा होता. दर फेरीत तो एका जागी घासत होता आणि जोर ओसरला की तिथेच अडकत होता. साध्या पंख्याच्या दांड्यात हा दोष त्याने शंभर वेळा तरी पकडला असेल.

“दुसरा सरळ आरा आणा,” बायको म्हणाली.

“दुकानं बंद झाली असतील.”

ती आत गेली आणि विणायची एक स्टीलची सुई घेऊन आली. वायरमनने ती काचेवर लोळवली. सुई काही न बोलता सरळ गेली.

“तुझं विणकाम?”

“एकीवर कोण विणतं? दुसरीही घेऊन ठेवा. मोडलीत तर असावी.”

पीठ मळून झाल्यावर दोघांनी साठ फेऱ्या घेतल्या. फळीवर घड्याळासारखे बारा भाग आखलेले होते. दोन भागांकडे सात-सात वेळा, एकाकडे तीन वेळा, बाकीच्यांकडे चार-पाच वेळा बाण थांबला. साठावी फेरी लिहून झाल्यावर वायरमनने पान हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत बसला. गेल्या महिनाभरात एवढं समाधान त्याला कशानेच मिळालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्याने ही हकीकत उत्साहाने हेडक्लार्कला सांगितली. इथेच तो चुकला.

“थांबा थांबा,” हेडक्लार्क म्हणाला. “म्हणजे आधी तो एकाच जागी थांबत होता?”

“हो ना! काल संध्याकाळभर डोकं खाल्लं त्याने.”

“म्हणजे तो कुठे थांबावा हे तुम्हाला ठरवता येतं.”

“ठरवता येत नव्हतं, तोच तर दोष होता.”

“अहो पण येऊ शकतं!” हेडक्लार्कने दार लोटून घेतलं. “हे बघा, साहेब येणार आहेत. मोठ्या साहेबांना असले खेळ आवडत नाहीत. त्यांच्यासमोर बाण थांबला, आणि चिठ्ठीत एका पायावर उड्या मारा असं निघालं, तर? बाण साहेबांसमोर थांबता कामा नये. तेवढी सोय करा.”

“मग तसल्या चिठ्ठ्या लिहू नका.”

“चिठ्ठ्या लिहून, घड्या करून बरणीत भरल्यात. आता कुठल्या घडीत काय आहे मला तरी काय माहीत?”

वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, जो दोष काढायला मी अख्खी संध्याकाळ घालवली, तो परत घालायला सांगताय तुम्ही मला?”

“दोष कसला, सोय म्हणा.” हेडक्लार्कचा आवाज मऊ झाला. “आणि दादा, तुमचा क्वार्टरचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर आहे. साहेबांचा मूड गेला तर मी काय करणार?”

हे मात्र खरं होतं. वायरमन हॉस्पिटलच्या मागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होता. निवृत्तीनंतर आठ दिवसांत खोल्या सोडायच्या असा नियम. त्याचं स्वतःचं छोटं घर शहराबाहेर बांधून होत आलं होतं, पण दारं बसायची होती, नळ यायचा होता. दोन महिने क्वार्टरमध्ये राहू द्यावं असा अर्ज त्याने दिला होता. उत्तर अजून आलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती कपाटातले कपडे खोक्यात भरत होती. नव्या घराचा विचार करून करून तीच जास्त थकली होती. दारं नसलेल्या घरात राहायला जायचं या कल्पनेने तिला झोप लागत नव्हती, हे त्याला माहीत होतं.

“करणं अवघड आहे का?” तिने विचारलं.

“अवघड कसलं. वाकडा आरा परत घालायचा. जिथे अडकतो त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला साहेबांची खुर्ची ठेवायची. सगळ्या फेऱ्या दुसऱ्याच बाजूला.”

तिने एका साडीची घडी करून खोक्यात ठेवली.

“तू काय म्हणतेस?” त्याने विचारलं.

“मी काय म्हणणार? वाकडा आराच घालायचा असेल तर माझी सुई मला परत द्या. मफलर अर्धा राहिलाय.”

वायरमनला हसू आलं नाही. तो उठला आणि दोन वेळा टेबलापाशी जाऊन आला. आरा खिडकीत पडलेला होता. त्याने तो उचलला, गुडघ्यावर ठेवून दुमडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग उगीचच बाण एकदा फिरवून पाहिला.

शुक्रवारी चार वाजता पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये समारंभ सुरू झाला. दोन टेबलं जोडून मध्ये फळी ठेवली होती आणि भोवती बारा खुर्च्या. बाकीचे मागे उभे होते. वायरमन एका बाजूला, त्याच्या डावीकडे मोठे साहेब, उजवीकडे बायको. साहेब हाडांचे सर्जन, या हॉस्पिटलचे प्रमुख. बोलायचे कमी आणि घड्याळ फार बघायचे. हेडक्लार्कने वायरमनकडे भुवई उंचावून पाहिलं. वायरमनने छताकडे पाहिलं.

पहिल्यांदा बाण थिएटर सिस्टरसमोर थांबला. चिठ्ठीत होतं, इथल्या कोणाची तरी नक्कल करा. सिस्टरने चष्मा नाकावर ओढला, ती खुर्चीवर चढली आणि अदृश्य बल्बाला म्हणाली, “काल तर बदलला तुला! तुझ्या मागच्याने सहा महिने काढले, आणि तुला एक दिवस निघत नाही?” हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. बायकोने पदर तोंडाला लावला. आपण बल्बांशी बोलतो हे वायरमनला आजच कळत होतं.

दुसऱ्यांदा बाण खुद्द हेडक्लार्कसमोर थांबला आणि त्याला एका पायावर हॉलची फेरी मारावी लागली. स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी हातात धरून तो उड्या मारत गेला. परत येऊन बसला तेव्हा त्याला धाप लागली होती, तरी त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. उड्यांची चिठ्ठी संपली होती.

तिसऱ्यांदा बटण बायकोने दाबलं. बाण बराच फिरला. हळू झाला, सिस्टरवरून पुढे सरकला, वायरमनच्या समोरून गेला आणि थांबला.

मागच्या लोकांनी माना पुढे काढल्या.

“रेषेवर आहे,” हेडक्लार्क घाईघाईने म्हणाला. “रेषेवर आहे, परत फिरवा. यंत्रच आहे, चालायचंच.”

“रेषेवर नाही,” वायरमन म्हणाला. आपला आवाज इतका चढेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. “यंत्र बरोबर आहे. साहेबांसमोर आहे.”

साहेबांनी वाकून पाहिलं. “माझ्याच समोर आहे,” ते म्हणाले आणि बरणीत हात घातला.

चिठ्ठी उघडून त्यांनी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. “तुमच्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाबद्दल अशी एक गोष्ट सांगा, जी इथे कोणाला माहीत नाही.”

उजव्या हाताला वायरमन होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. वायरमनला वाटलं, आता हे काहीतरी गोड बोलून मोकळे होतील, कर्तव्यदक्ष वगैरे. तो मान खाली घालून वाट बघू लागला.

“मला सांगता येणार नाही,” साहेब म्हणाले. “मला यांच्याबद्दल काहीच माहीत नाही.”

हेडक्लार्कने डोळे मिटून घेतले.

“नऊ वर्षं मी इथे ऑपरेशनं करतोय,” साहेब चिठ्ठीकडे बघत सावकाश म्हणाले. “बाहेर वीज जाते ते मला दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळतं. ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा माझ्या वेळी कधी गेला नाही. का जात नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. गेला असता, तर यांची माझी ओळख झाली असती.”

सिस्टर खाली बघत होती. वायरमनला हे कौतुक घेऊन गप्प बसता आलं असतं, पण त्याचा स्वभाव आडवा आला.

“एकदा गेला होता साहेब,” तो म्हणाला. “तुमच्या आधीच्या साहेबांच्या वेळी. चार सेकंद.”

“चार सेकंद?”

“बॅटरीने दिव्याचा भार उचलायला चार सेकंद घेतले. जुनी झाली होती. दुसऱ्या दिवशी बदलली. तेव्हापासून दर शनिवारी मी मेन स्विच बंद करून बघतो, बॅटरी लगेच उचलते की नाही.”

“अहो, गप्प बसा ना,” बायको दबक्या आवाजात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. त्यांचे दात कितीतरी जणांनी पहिल्यांदाच पाहिले.

“दर शनिवारी?” हसू थांबल्यावर साहेबांनी विचारलं. “हे कुठे लिहिलेलं आहे?”

“नाही साहेब. कोणी विचारलंच नाही.”

“उद्या शनिवार आहे,” साहेब म्हणाले.

त्यानंतर बाण आणखी पंधरा-वीस वेळा फिरला. एकाने गाणं म्हटलं, एकीने कोडं घातलं. एका वॉर्डबॉयला उलटे आकडे म्हणताना चौदावर घाम फुटला. शाल, फुलं, फोटो असं सगळं रीतसर झालं. सव्वासहाला लोक पांगले. बाण मुलांच्या वॉर्डमध्ये ठेवायचा असं सिस्टरने परस्पर ठरवलं आणि फळी काखेत मारून ती निघूनही गेली. सेल बदलताना कुठलं टोक कुठे, हे सांगायला वायरमन तिच्यामागे दारापर्यंत धावला.

हॉलमध्ये शेवटी तिघंच उरले. साहेबांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला.

“दोन महिने देता येत नाहीत,” ते म्हणाले. “नियमात एकच बसतो. एकावर सही केलीय.”

“एक पुरेल,” बायको पटकन म्हणाली. “दारं बसतील तोवर. नळाचं बघू.”

वायरमनने अर्ज घेतला आणि नेहमीच्या सवयीने दाराजवळच्या बोर्डाकडे वळला. समारंभ कोणाचाही असो, हॉलचे दिवे घालवून जाणारा शेवटचा माणूस तोच असे.

“तुम्ही निघा,” साहेब मध्ये आले. “मी बंद करतो.”

“साहेब, त्यात जरा—”

“मी करतो म्हटलं ना. चला.”

वायरमन आणि बायको बाहेर जिन्याशी आले. आत साहेब चौदा बटणांच्या बोर्डासमोर उभे होते. त्यांनी पहिलं बटण दाबलं, तर बंद असलेला पंखा सुरू झाला. दुसऱ्याने स्टेजवरचा दिवा लागला. त्यांनी चष्मा पुसला, तिसरं दाबलं आणि छताकडे पाहिलं. काहीच झालं नाही.

वायरमनने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या कोपराला हात लावला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “सापडेल त्यांना.”

आत एक ट्यूब विझली, मग दोन परत लागल्या. साहेब एकेक बटण खाली-वर करून बघत होते, ऑपरेशनला लावावं तेवढं लक्ष लावून. वायरमनने अर्ज खिशात ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. आतली शेवटची ट्यूब विझेपर्यंत तो तिथून हलला नाही.